हिवराळे सर आणि गोवराचं खानदान

हिवराळे सरांच्या शोकसभेत दोन भाषणं झाली. दोन्ही ऐकताना मला एकच वाटत होतं, की सर असते तर त्यांनी या दोन्ही वक्त्यांना आपल्या डावीकडच्या खुर्चीत बसवलं असतं. पहिले वक्ते आमच्या पुंडलिकनगरातल्या गल्लीचे हौशी कार्यकर्ते. ते म्हणाले, सरांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं, पण शेवटी शेवटी त्यांना देवीची प्रचीती आली आणि ते भक्तीला लागले. दुसरे वक्ते सरांच्या विवेकवादी मंडळाचे. ते म्हणाले, माणूस मोठा होता, पण वयोमानानुसार तत्त्वांवरची पकड ढिली होते, आपण समजून घेतलं पाहिजे. दोघांनीही डोळे पुसले. मग चहा झाला.

मी सरांच्या शेजारच्या घरात राहते आणि नोकरीची बहुतेक वर्षं त्यांच्याच कॉलेजात काढली. मी मराठी शिकवायचे, ते सूक्ष्मजीवशास्त्र. सर भक्तीला लागले नव्हते आणि त्यांची कसलीही पकड ढिली झाली नव्हती. हे मी तिथंच उठून सांगणार होते, पण तोवर सूत्रसंचालकानं आभार मानून टाकले. म्हणून लिहायला बसले.

डावीकडच्या खुर्चीचं आधी सांगते. सरांना लहानपणी गालगुंड झालं होतं. गावात कुणीतरी लेप लावला, सूज उतरली, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. डावा कान कायमचा गेल्याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. ते लक्षात आलं शाळेत. डावीकडून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही म्हणून गुरुजींनी आधी थोबाडीत मारली आणि मग चौकशी केली. सरांनी या गोष्टीचं कधी दुःख केलं नाही, उलट तिचा धंदाच मांडला. ज्याचं ऐकायचं त्याला उजवीकडे बसवायचं, ज्याचं ऐकायचं नाही त्याला डावीकडे. आमच्या कॉलेजात त्यांच्या काळात जेवढे प्राचार्य आले, ते सगळे बैठकीत सरांच्या डावीकडे बसले. सर त्यांच्याकडे प्रसन्न चेहऱ्यानं बघत मान डोलवायचे. नंतर कुणी म्हटलं, सर, तुम्ही तर बैठकीत हो म्हणाला होता, की सर शांतपणे म्हणायचे, "मी कुठं? मला काय ऐकूच आलं नाय." एक प्राचार्य तर निरोपसमारंभात गहिवरून म्हणाले, की हिवराळे सरांइतकं मन लावून माझं कुणीच ऐकलं नाही.

मी रुजू झाले त्या दिवशी योगायोगानं सरांच्या उजवीकडची खुर्ची रिकामी होती. "बसा मॅडम," ते म्हणाले, "उजवीकडंच बसत जा." त्या खुर्चीमुळे मला या माणसाचं सगळं ऐकावं लागलं आणि त्याला माझं.

पांढरा शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं, खिशात रुमाल आणि साबणाची डबी. कुणाच्याही घरी गेले की आधी हात धुवायचे, आणि इतका वेळ धुवायचे की यजमानीणबाईंना आपल्या घराबद्दल शंका यायला लागायची. लेकरू दिसलं की त्याचं नाव विचारण्याआधी म्हणायचे, "ये इकडं. आ कर." गल्लीतल्या मुलांना त्याची इतकी सवय झाली होती, की सर कोपऱ्यावर दिसले तरी ती खेळ थांबवून तोंडं उघडून उभी राहायची. नव्यानं राहायला आलेल्यांना वाटायचं, गल्लीत काहीतरी बिघडलंय.

सरांचा खरा जीव मात्र एका खानदानात अडकलेला होता. पॅरामिक्झोव्हायरस हे विषाणूंच्या त्या खानदानाचं नाव. पहिल्या तासाला ते फळ्यावर त्याची वंशावळ काढायचे आणि दूरच्या पाहुण्यांची ओळख करून द्यावी तसं सांगायचे. "हा थोरला, गोवर. ह्याच्याइतकं पसरणारं दुसरं कुणी नाय. हा खोलीतून निघून गेला तरी त्याची हवा मागं र्‍हाती, दोन-दोन तास. हा दुसरा, गालगुंड. मसखरा हाय, लोक हसतात त्याला, पण जाता जाता काय घेऊन जाईल सांगता येत नाय." इथे ते आपल्या डाव्या कानावर टिचकी मारायचे. "हे पॅराइन्फ्लुएन्झा. सरकारी नोकरासारखे. दरसाल येणार, लेकरांचा घसा बसवणार, नाव कुणाच्या ध्यानात र्‍हाणार नाय. आणि हा निपाह. हा घरात र्‍हात नाय, वटवाघळांकडं असतो. फार कमी येतो, पण आला की दया-माया नाय." वाळूजच्या कारखान्यांत राबणाऱ्या बापांची ती पोरं, बजाजनगरातून दोन रिक्षा बदलून कॉलेजात यायची. पेपरात काही आलं नाही तरी हे खानदान त्यांना तोंडपाठ असायचं. सरांचं एक वाक्य तर मी माझ्या वर्गातही पोरांच्या तोंडून ऐकलं आहे: "हे लोक पेशीत घुसले की शेजारच्या पेशीची भिंत पाडतात आणि सगळ्यांची मिळून एकच मोठी खोली करतात. दिसायला एकोपा, आतून सत्यानाश."

मग एक दिवस जगातल्या मोठ्या शास्त्रज्ञांनी या खानदानाची वाटणी केली. तान्ह्या बाळांच्या छातीला धरणारा आरएसव्ही आणि त्याचा एक जोडीदार, असे दोघं वेगळे काढून त्यांचं निराळं कुळ ठरवण्यात आलं. सर त्या दिवशी स्टाफरूममध्ये डबा न उघडता बसले होते. "वेगळं काढायचं तर निदान विचारायचं," ते म्हणाले. मी म्हटलं, कुणाला विचारायचं, तुम्हाला? "कुणाला बी. इतकी वर्षं एका फळ्यावर नांदले." त्यांनी आठवडाभर निषेध म्हणून त्या दोघांना जुन्याच जागी शिकवलं. आठवण करून देणारी पोरं त्यांनी डावीकडे बसवली. पुढे त्यांनी नवीन मांडणी मान्य केली, प्रामाणिक माणूस होता. पण आमच्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमापर्यंत ती बातमी पोचायला इतका उशीर झाला, की तिथं हे सगळे कितीतरी वर्षं एकत्रच राहत होते, आणि सर ते पान उघडून समाधानानं बघायचे.

या माणसाचा एक मोठा दोष होता. त्याला खोटं बोलता येत नसे, अगदी कुणाचं भलं होणार असलं तरी. गणिताच्या देशपांडे सरांच्या मुलाचं लग्न होतं आणि लग्नाच्या तोंडावर नवऱ्या मुलाला गालगुंड झालं. दोन्ही गाल फुगले. देशपांड्यांनी फेटेवाल्याला सांगून फेट्याची दोन्ही टोकं हनुवटीखाली बांधून घेतली आणि पाहुण्यांना सांगितलं, सध्या हीच फॅशन आहे. हिवराळे सर मांडवाच्या दाराशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला विचारत होते, "लहानपणी गालगुंड झालं व्हतं का? नसंल तर लांबूनच अक्षता टाका." एवढ्यात मुलीच्या वडिलांना कुणीतरी सांगितलं, की हा आजार मोठेपणी झाला की पुढे मूलबाळ होत नाही. ते तडक सरांकडे आले.

"सर, तुम्ही जाणकार आहात. तसं काही होतं का?"

"क्वचित," सर म्हणाले.

"क्वचित म्हणजे?"

"म्हंजे बहुतेक नाय व्हत."

देशपांडे सरांनी हात जोडले. "अहो, होत नाही म्हणा ना एकदा! मुहूर्त टळायला आलाय!"

"होत नाय असं म्हणता येत नाय, देशपांडे. क्वचित असं म्हणता येतं."

भटजी थांबले, सनईवाला थांबला. दोन्हीकडचे मामा हमरीतुमरीवर आले आणि मांडवात क्वचित या शब्दाचा ज्याचा त्यानं अर्थ लावला. अखेर मुलगीच शालू सावरत बाहेर आली. "बाबा, मला क्वचित चालेल," एवढं बोलून ती पुन्हा आत गेली. पुढे त्यांना जुळं झालं. देशपांडे सर पेढ्यांचा पुडा घेऊन आले, तेव्हा हिवराळे सरांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "अभिनंदन. पण ह्यानं काय सिद्ध व्हत नाय."

सरांच्या घरात बुद्धाची लहानशी मूर्ती होती आणि तिच्या शेजारी आईचा फोटो. ती आई मी पाहिली नाही, पण तिची एक गोष्ट सरांनी मला सांगितली होती. सरांची धाकटी बहीण, शेवंता, गोवरानं गेली. अंगावर पुरळ आलं तेव्हा घरात बाई, म्हणजे देवी, आली असं सगळ्यांनी मानलं. दाराला लिंबाचा डहाळा लावला, फोडणी बंद केली आणि पोरीला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. औषध दिलं तर बाईचा कोप होईल म्हणून डॉक्टरला बोलावलं नाही. पोरीची छाती भरली आणि ती गेली. पुढे दीक्षा घेतली तेव्हा आईनं घरातले देवीचे टाक टोपलीत भरले, नवऱ्याची वाट न बघता नदीवर नेले आणि पाण्यात सोडले. "मी तिचा पदर धरून मागं चालत व्हतो," सर म्हणाले. "परत येताना तिनं एकदा बी मागं वळून बघितलं नाय." तेव्हापासून सर कुठल्याही देवापुढे कधी वाकले नाहीत. कुणी प्रसाद दिला तर नम्रपणे घ्यायचे आणि माझ्या हातावर ठेवायचे, "मॅडम, तुमचा डबल." औरंगपुऱ्यात एका पुस्तकांच्या दुकानावर त्यांच्या विवेकवादी मंडळाची बैठक भरायची, तिथं ते अध्यक्ष होते.

अशा माणसाला आमच्या गल्लीनं शेवटी भक्त करून टाकलं, त्याची सुरुवात एका वाढदिवसापासून झाली.

सर तेव्हा निवृत्त झाले होते. शहरात गोवराची साथ असल्याच्या बातम्या होत्या, पण साथ नेहमी दुसऱ्या वस्तीत असते अशी आमच्या गल्लीची खात्री. चौथ्या घरातल्या आरवचा वाढदिवस रविवारी होता. सगळ्या मुलांनी मिळून मेणबत्त्या फुंकल्या. व्हिडिओ नीट आला नाही म्हणून पुन्हा पेटवून फुंकल्या आणि मग आजोबा फ्रेममध्ये नव्हते म्हणून तिसऱ्यांदा. आरवचा मावसभाऊ बाहेरगावाहून आला होता. डोळे लाल, नाक वाहतंय, खोकला. घरचे म्हणाले, प्रवासाचा शीण आहे. त्याला लागून उभी होती बोडख्यांची ओवी, तीन वर्षांची, फुंकताना सगळ्यात जास्त जोर तिचाच. सर आले, हात धुतले आणि त्या पाहुण्या पोराला म्हणाले, "ये इकडं. आ कर." मोबाईलच्या उजेडात त्यांनी गालाच्या आतली बाजू पाहिली. मिठाचे कण उडावेत तसे पांढरे ठिपके होते.

"गोवर हाय," सर म्हणाले. "केक कापू नका."

आरवचे बाबा लाल झाले. "सर, लेकराच्या वाढदिवसाला असं अभद्र बोलायलेत?"

केक कापला गेला. संध्याकाळी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, वडीलधाऱ्यांनी आनंदाच्या प्रसंगी भान राखावं, असा संदेश आला आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या कानामागून पुरळ निघालं. मग त्याच जोडलेल्या हातांनी सरांना फोन करायला सुरुवात केली.

सर घरोघर फिरले. सगळ्या मुलांच्या लसी झालेल्या होत्या. फक्त ओवीला जन्मापासून एकही सुई लागलेली नव्हती. गोवराच्या माणसाशी गाठ पडल्यापासून तीन दिवसांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो, म्हणजे बुधवार संध्याकाळपर्यंत मुदत होती. पोरगी आधीच काटकुळी, नुकतीच न्यूमोनियातून उठलेली. सरांना शेवंता आठवली असणार. ते आमच्या फाटकाशी उभे राहून बोटांवर तास मोजत होते.

बोडखे म्हणजे आमच्या गल्लीतलं वजनदार घर. रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या पैशावर ट्रॅक्टरची एजन्सी उभी राहिली, काचेचा बंगला उभा राहिला. घरात सत्ता माईंची, म्हणजे ओवीच्या आजीची. त्यांचा मुलगा विक्रम तान्हा असताना इंजेक्शननंतर त्याला ताप चढून झटका आला होता. माईंनी मरीआईला शब्द दिला, पोरगं वाचव, ह्या घरातल्या लेकराला पुन्हा सुई लावणार नाही. पोरगं वाचलं, इंजिनियर झालं. विक्रमचा देवीवर विश्वास नाही, मोबाईलवर आहे. लस कशी घातक असते याचे व्हिडिओ तो दाढी करताना ऐकतो. आईला देवीनं सांगितलं होतं, मुलाला यूट्यूबनं, आणि दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. सून प्राजक्ता बी.फार्म. तिला सगळं कळत होतं, आणि म्हणून ती स्वयंपाकघराच्या दारात गप्प उभी होती.

मी सरांबरोबर गेले होते. सरांनी खानदानाची सगळी वंशावळ सांगितली, गोवर शरीराची जुन्या आजारांची आठवण कशी पुसून टाकतो आणि मग साधी दुखणीही कशी अंगावर येतात ते सांगितलं. विक्रमनं मध्ये नैसर्गिक प्रतिकारशक्ती काढली, तेव्हा सरांनी खुर्ची फिरवून त्याला डावीकडे घेतलं. माई मात्र नीट ऐकत होत्या.

"मास्तर, सुई लावली तर बाई नक्की नाय येणार?"

मी मनात म्हटलं, आता तरी नक्की म्हणा.

"बहुतेक नाय येणार."

"आन नाय लावली तर नक्की येणार?"

"बहुतेक येणार."

"मंग दोन्हीकडं बहुतेकच हाय की," माई म्हणाल्या. "माझी देवी तरी नक्की बोलती."

आम्ही बाहेर पडलो तेव्हा प्राजक्ता कचऱ्याची बादली घेऊन मागून धावत आली. "सर, मी तिला गुपचूप दवाखान्यात नेऊ का?"

"नेता येईल," सर म्हणाले. "पण सुईनंतर कधी कधी थोडा ताप येतो. आला तर सगळं घरदार तुझ्यावर तुटून पडंल, आणि दुसरा डोस कधीच व्हणार नाय. थांब, मी काहीतरी करतो." काय करणार ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मंगळवारी माईंनीच सरांना बोलावलं. रात्रभर विचार केला असावा. "मी शब्द दिलाय तिला," त्या म्हणाल्या. "तिनं सोडवलं तर मी सुटंन. ते औषध तिच्या पायाशी ठिवा, नारळ फोडा, आन तिच्यापुढं डोकं टेका. तुमीच टेकायचं."

"मीच का? विक्रमला सांगा."

"इक्रम काय, कुठं बी टेकतो. तुमी मानत नाय न? मानत नाय त्यो वाकला, तर मला कळंल की पोरीचं खरंच अवघड हाय."

आयुष्यात मी बरेच युक्तिवाद ऐकले आहेत. हा सगळ्यांत चोख होता. सर घरी येऊन आमच्या ओट्यावर बसले आणि त्यांनी पायांतल्या चपलाही काढल्या नाहीत. मी चहा ठेवला, तो निवला. "मॅडम, आईनं देव पाण्यात सोडले," ते म्हणाले, "आणि मी तिच्या माघारी जाऊन तिथंच डोकं ठेवू?" मंदाताई, सरांच्या पत्नी, कुंपणापलीकडून कपडे काढत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "सासूबाईंनी टोपली उचलली ती देवावरच्या रागानं नाय. लेकरू गेलं म्हणून उचलली. आता लेकरू हाय." कपडे खांद्यावर टाकून त्या आत गेल्या. सर बराच वेळ रडले. मी उठून गेले नाही, कारण उजवीकडे बसले होते.

गल्लीच्या टोकाला लिंबाखाली मरीआईचं ठाणं आहे, शेंदूर लावलेला दगड आणि भोवती टाइल्सचा ओटा, ओट्यावर देणगीदाराचं नाव देवीपेक्षा मोठं. बुधवारी सकाळी लस टोचणाऱ्या सुनीताताई बजाजनगरहून स्कूटीवर बर्फाची निळी पेटी घेऊन आल्या. सरांनी माईंना विनवून पाहिलं, की औषधाला ऊन चालत नाही, पेटीसकट ठेवू. माई म्हणाल्या, पेटीला कशाला हळद-कुंकू? मग सरांनी कुपी बाहेर काढली, रुमालाची सावली धरून ती दगडापाशी ठेवली, गुडघे टेकले आणि डोकं खाली नेलं. माई सरांच्या तोंडाकडे बघत होत्या, देवीकडे नाही. सर उठले, कुपी परत बर्फात ठेवली आणि म्हणाले, "ताई, लावा." तिथंच ओट्यावर ओवीला सुई लागली. तिनं सरांना लाथ मारली. प्राजक्ता तोंडावर ओढणी घेऊन लिंबाआड गेली.

मग जे झालं ते कुणाच्याच डोक्यात नव्हतं. मागच्या गल्लीतल्या बाया, ज्यांच्या दारातून सुनीताताई कितीदा रिकाम्या परतल्या होत्या, त्या पोरं काखेला मारून आल्या. देवीनं परवानगी दिली म्हणे. त्याबरोबरच आरवच्या बाबांनी काढलेला व्हिडिओही निघाला. नास्तिक प्राध्यापकाला देवीचा साक्षात्कार, असा मथळा आणि मागे डमरूचं संगीत. ज्यांनी सरांना भान राखायला सांगितलं होतं, ते आता त्यांच्या पाया पडायला लागले. औरंगपुऱ्यातल्या मंडळानं खुलासा मागितला. सर गेले, गप्प बसले, आणि त्यांचं अध्यक्षपद काढून घेण्यात आलं. ज्यांना सरांनी स्वतः विचार करायला शिकवलं होतं, त्यांनीच तो ठराव मांडला. बुद्धविहारातल्या लोकांनी तोंडावर काही म्हटलं नाही, पण रविवारी शेजारी बसेनासे झाले. ते सरांना सगळ्यात लागलं.

ओवीला गोवर झाला नाही. मी चिडून म्हटलं, "सर, आता तरी सांगून टाका खरं काय ते. का गप्प आहात?"

"सांगितलं तर माईंना वाटंल, मास्तरानं नाटक केलं. मंग दुसरा डोस कोण देऊ देईल? मागच्या गल्लीतले बी राहिलेत."

म्हणजे ज्या माणसाला लग्नघरात साधं 'होत नाही' म्हणता आलं नाही, तो आता स्वतःची इज्जत उघड्यावर सोडून तोंड मिटून बसला होता. मला त्यांचा राग आला आणि त्यांच्यावर इतकी माया आली की काय सांगू. दुसरा डोस महिन्यानं द्यायचा होता. आधी ओवीला सर्दी झाली, मग तिच्या मामाचं लग्न निघालं. मग देवीचा वार मंगळवार आणि सुनीताताईंचा आमच्या गल्लीचा वार बुधवार, यात कुणी माघार घेईना. शेवटी आरोग्य खात्याला मंगळवार मान्य झाला. दरम्यान सरांच्या छातीत दुखायला लागलं होतं. आज मागच्या गल्लीसकट सगळ्या पोरांचे डोस पूर्ण झाले आहेत, हे सुनीताताईंकडून पक्कं करूनच मी हे लिहिते आहे.

सरांना चारचौघांत मी शेवटचं पाहिलं ते त्या मंगळवारी. औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरकडून ते रिक्षानं थेट ठाण्यापाशीच उतरले, एका बाजूनं मंदाताईंनी धरलेलं. डॉक्टरांनी ओझं उचलायला, वाकायला मनाई केली होती. लिंबाच्या सावलीला बायांची रांग लागली होती, पहिल्या वेळेपेक्षा लांब. माई ओट्यावर बसल्या होत्या. सर चपला काढायला लागले तशा त्या म्हणाल्या, "र्‍हाऊ द्या मास्तर. नका वाकू. मला ठावं हाय, तुमी मानत नाय. पयल्या दिवशीच ठावं व्हतं."

सर थांबले. "मंग?"

"तुमाला जड गेलं ते बघितलं मी. तितकंच बघायचं व्हतं. लावा ओवीला सुई."

"आणि मी इतके महिने तोंड मिटून बसलो, ते?"

"ते तुमचं तुमी बसले. मला इचारलं का?"

सर हसायला लागले. इतके हसले की मंदाताईंनी घाबरून त्यांच्या छातीला हात लावला. सुनीताताईंनी औषध कालवलं, ओवीला सुई लागली, या वेळी ती फक्त ओरडली. सर माझ्याकडे वळले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता. "मॅडम, सुटलो बघा. उद्या मंडळात जातो आणि समदं सांगून टाकतो."

"चला, पुढचं लेकरू," सुनीताताई म्हणाल्या.

रांग हलली नाही. पहिली बाई मागच्या गल्लीतली होती, काखेत पोर. ती सुनीताताईंकडे बघत नव्हती, माईंकडे नाही, देवीकडेही नाही. "सर, तुमी आधी टेका ना डोकं," ती म्हणाली. "मंग आमी लावतो." तिच्या मागच्या बायाही सरांकडेच बघत होत्या. सुनीताताईंनी हातातल्या कालवलेल्या कुपीकडे पाहिलं. उघडल्यावर ती चार तासच चालते.

सरांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. मंदाताईंनी त्यांचा दंड धरला. सर एक गुडघा टेकून, मग दुसरा टेकून, दम घेत घेत खाली वाकले. त्यांचं कपाळ दगडाला लागलं तेव्हा त्या बाईनं लेकराची बाही वर सारली.